शिल्लक शून्य दिसतेय? लाइट वॉलेटविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांमधली अडचण एकच आहे. बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांसाठी लाइट वॉलेट, म्हणजे व्यवहारांची सगळी नोंदवही न उतरवता चालणारं हलकं सॉफ्टवेअर, बसवलं, जुनी रक्कम त्यात आणायला घेतली आणि मध्येच काहीतरी अडलं. उत्तरं वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवा: नाणी वॉलेटमध्ये नसतातच, ती ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या त्या सामायिक नोंदवहीत, असतात. वॉलेटमध्ये असतात फक्त किल्ल्या, म्हणजे ती नाणी खर्च करू देणारे गुप्त आकडे. ‘इम्पोर्ट’ करायचं म्हणजे कोणत्या किल्ल्या वापरायच्या आणि त्यांच्यापासून कोणत्या प्रकारचे पत्ते बनवायचे, एवढंच नव्या सॉफ्टवेअरला सांगायचं. बहुतेक पत्रं बिटकॉइन आणि इलेक्ट्रम या लाइट वॉलेटबद्दल आहेत, म्हणून उत्तरंही त्यांनाच धरून दिली आहेत.

प्रश्न : लाइट वॉलेट पूर्ण साखळी, म्हणजे ब्लॉकचेन, उतरवून घेत नाही, तर त्याला माझी शिल्लक कळते कशी? समोरचा सर्व्हर खोटं बोलला तर?

उत्तर : बिटकॉइनची पूर्ण साखळी आज ६०० जीबीच्या वर गेली आहे. लाइट वॉलेट त्यातली फक्त ब्लॉकची शीर्षकं, म्हणजे हेडर, घेतं. एक हेडर ८० बाइटचा असतो. दर दहा मिनिटांना एक ब्लॉक धरला तर वर्षाचे सुमारे ५२,५६० हेडर होतात आणि ते सगळे मिळून जेमतेम ४.२ एमबी भरतात. तुमचा व्यवहार अमुक ब्लॉकमध्ये आहे हे सांगताना सर्व्हरला त्यासोबत मर्कल पुरावा द्यावा लागतो. ब्लॉकमध्ये ४,०९६ व्यवहार असले तरी हा पुरावा ३२ बाइटच्या १२ हॅशचा (हॅश म्हणजे माहितीवरून काढलेला छोटा ठसा), म्हणजे ३८४ बाइटचाच असतो. वॉलेट ते हॅश एकमेकांत गुंफत वर जातं आणि शेवटचं उत्तर हेडरमधल्या मर्कल रूटशी, म्हणजे ब्लॉकमधल्या सगळ्या व्यवहारांच्या एकत्रित ठशाशी, जुळतं का ते पाहतं. २००८ सालच्या बिटकॉइनच्या मूळ निबंधातच ही पद्धत दिलेली आहे.

म्हणून ब्लॉकमध्ये गेलेला व्यवहार सर्व्हरला मनाने रचता येत नाही. तो लपवू मात्र शकतो. अजून ब्लॉकमध्ये न गेलेल्या व्यवहाराला तर काही पुरावाच नसतो, तिथे सर्व्हर सांगेल तेच खरं धरावं लागतं. शिल्लक अचानक कमी दिसली तर सगळ्यात आधी सर्व्हर बदलून पाहा. इलेक्ट्रमच्या खिडकीत उजवीकडे खाली गोल ठिपका असतो, त्यावर क्लिक केलं की सर्व्हरची यादी उघडते. ठिपका हिरवा असेल तर जोडणी चालू आहे, लाल असेल तर तुटली आहे, निळा असेल तर जोडणी प्रॉक्सीतून (मधल्या सर्व्हरमधून) किंवा टॉर या ओळख झाकणाऱ्या जाळ्यातून जाते आहे.

प्रायव्हेट की, म्हणजे ती गुप्त किल्ली, सर्व्हरकडे कधीच जात नाही, सही तुमच्याच यंत्रावर होते. पण तुमचे सगळे पत्ते एकाच माणसाचे आहेत हे त्या सर्व्हरला दिसतं आणि आमच्या मते लाइट वॉलेटची खरी किंमत हीच आहे. टॉर वापरलं तर निदान आयपी पत्ता झाकला जातो. पुरता बंदोबस्त हवा असेल तर स्वतःचा पूर्ण नोड, म्हणजे अख्खी साखळी ठेवणारा संगणक, आणि त्यावर इलेक्ट्रएस किंवा फुलक्रमसारखा स्वतःचा सर्व्हर, याला पर्याय नाही.

प्रश्न : इलेक्ट्रम नव्याने बसवतोय. कोणत्या क्रमाने जावं?

उत्तर : सॉफ्टवेअर फक्त इलेक्ट्रम.ऑर्गवरून घ्या आणि पत्ता स्वतः टाइप करा, शोधयंत्रातल्या जाहिरातीवर क्लिक करू नका. डिसेंबर २०१८ मध्ये चोरांनी स्वतःचे सर्व्हर उभे केले होते. पैसे पाठवायला गेलं की वॉलेटच्या आतच ‘नवी आवृत्ती घ्या’ असा निरोप यायचा आणि दिलेल्या दुव्यावर नकली इलेक्ट्रम असायचं. ती फट नंतर बुजवली, पण वॉलेटच्या आत आलेल्या दुव्यावरून काहीही उतरवायचं नाही हा नियम आजही पाळा.

इन्स्टॉलरसोबत सहीची छोटी फाइल मिळते, तीही उतरवा. जीपीजी या सही तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, विंडोजवर असाल तर क्लिओपात्रामध्ये, इलेक्ट्रमचे जनक थॉमस फेख्टलिन यांची पब्लिक की (जाहीर किल्ली) घेऊन सही तपासा. इथे बरेच जण एका इशाऱ्याने दचकतात. सही बरोबर आहे, पण की प्रमाणित नाही, असं सॉफ्टवेअर सांगतं. त्याचा अर्थ एवढाच, की ही की खरी असल्याचं तुम्ही स्वतः अजून नोंदवलेलं नाही. कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळख पटवणारी अक्षरांची छोटी ओळ, दोन-तीन वेगळ्या ठिकाणी पाहून जुळवा आणि पुढे जा. ‘बॅड सिग्नेचर’ आलं तर मात्र ती फाइल पुसून टाका.

पुढचं काम सोपं आहे. स्टँडर्ड वॉलेट निवडा, नवा सीड (ज्यांतून सगळ्या किल्ल्या निघतात ते शब्द) घ्या, आलेले १२ शब्द क्रमांक घालून कागदावर लिहा, मागेल तेव्हा पुन्हा टाइप करा आणि पासवर्ड द्या. पासवर्ड फक्त त्या यंत्रावरच्या फाइलला कुलूप लावतो. तो विसरलात तरी सीडवरून सगळं परत येतं. सीड गेला आणि फाइलही गेली, तर पासवर्डाचा काही उपयोग नाही. शब्दांचा फोटो काढू नका, कारण फोनवरचे फोटो आपोआप क्लाउडवर जातात.

पैसे यायच्या आधी एक रंगीत तालीम करा. रिसीव्ह टॅबमधला पहिला पत्ता टिपून ठेवा. मग दुसऱ्या नावाने नवी वॉलेट फाइल उघडून फक्त कागदावर पाहून सीड घाला. पहिला पत्ता अक्षर न् अक्षर तोच आला, तर तुमचा कागद बरोबर आहे. या तपासणीला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि कागदावरची चूक कळायची हीच योग्य वेळ असते.

प्रश्न : दुसऱ्या मोबाइल वॉलेटचे १२ शब्द इलेक्ट्रममध्ये घातले. आधी ‘नेक्स्ट’ बटणच दाबता येईना. खटपट करून आत शिरले तर शिल्लक शून्य. पैसे गेले का?

उत्तर : बहुधा गेले नाहीत. तुम्ही पाहताय ते ठिकाण चुकतंय.

बटण अडण्याचं कारण असं, की इलेक्ट्रमचा सीड आणि बहुतेक बाकीच्या वॉलेटांचा बिप-३९ या सामाईक मानकाचा सीड या दोन वेगळ्या पद्धती आहेत. शब्दांची यादी दोघांची एकच, २,०४८ इंग्रजी शब्दांची, म्हणून दिसायला दोन्ही सारखे. इलेक्ट्रमच्या सीडमध्ये वॉलेट कोणत्या प्रकारचं आहे याची खूण दडलेली असते. बिप-३९ मध्ये ती नसते. सीड घालायच्या पडद्यावर ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन बिप-३९ निवडलं की बटण सुरू होतं.

तरीही सुरू झालं नाही, तर एखादा शब्द किंवा क्रम चुकलाय. बिप-३९ च्या १२ शब्दांमध्ये शेवटचे ४ बिट तपासणीसाठी असतात, त्यामुळे सोळापैकी सुमारे पंधरा चुका तिथेच पकडल्या जातात. उरलेली एक निसटते आणि वेगळंच, रिकामं वॉलेट उघडतं. या यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी आहेत. हस्ताक्षर लागत नसेल तर तेवढीच चार अक्षरं नीट वाचायचा प्रयत्न करा.

आता शून्याकडे येऊ. एकाच सीडमधून तीन जुन्या-नव्या प्रकारचे पत्ते निघतात आणि इलेक्ट्रम पुढच्या पडद्यावर त्यातला एकच निवडायला सांगतं. पूर्वी तुम्ही पैसे घेतलेत तो पत्ता शोधा. जुना ईमेल, एक्स्चेंजची नोंद, काहीही चालेल. तो पत्ता १ या आकड्याने सुरू होत असेल तर लेगसी, म्हणजे सगळ्यात जुना प्रकार, मार्ग ४४ चा (मार्ग म्हणजे सीडवरून पत्ते काढायची ठरलेली वाट). ३ ने सुरू होत असेल तर बहुधा सेगविट या नंतरच्या, कमी जागा घेणाऱ्या पद्धतीचा जुना प्रकार, मार्ग ४९ चा. बीसी१क्यू अशी सुरुवात असेल तर नेटिव्ह सेगविट, मार्ग ८४ चा. पत्ता सापडतच नसेल तर त्याच पडद्यावर असलेली खाती शोधण्याचं बटण दाबा, इलेक्ट्रम नेहमीचे मार्ग स्वतः चाचपून पाहतं.

तिन्ही पाहूनही शून्यच असेल तर दोन शक्यता तपासा. पहिली गॅप लिमिट. वॉलेट ओळीने २० न वापरलेले पत्ते पाहतं आणि पुढे काही नाही असं समजून थांबतं. तुम्ही दर वेळी नवा पत्ता तयार केला असेल, पण त्यावर पैसे आले नसतील, तर खरी रक्कम २५व्या किंवा ४०व्या पत्त्यावर असू शकते. कन्सोल टॅबमधून ही मर्यादा १०० किंवा २०० करून वॉलेट पुन्हा जुळवून घ्या. दुसरी शक्यता पासफ्रेजची. काही जण १२ शब्दांवर स्वतःचा एक जादा शब्द लावतात आणि नंतर विसरतात. यात धोका असा, की चुकीच्या पासफ्रेजलाही ‘चूक’ म्हणून कोणी अडवत नाही. एक मोठं अक्षर, एक मोकळी जागा इकडची तिकडे झाली तरी पूर्ण वेगळं आणि रिकामं वॉलेट उघडतं.

या काळात ‘मदत करतो, शब्द पाठवा’ म्हणणारे भेटतील. शब्द मागणारा प्रत्येक जण चोर आहे असंच धरा. खऱ्या मदतनीसाला पत्त्याचं पहिलं अक्षर सांगितलं तरी पुरतं.

प्रश्न : जुन्या संगणकावर बिटकॉइन कोअर या पूर्ण साखळी ठेवणाऱ्या वॉलेटची वॉलेट.डॅट फाइल सापडली. ती लाइट वॉलेटमध्ये नेण्यासाठी आधी अख्खी साखळी उतरवावी लागेल का?

उत्तर : नाही. किल्ल्या त्या फाइलमध्येच आहेत आणि त्या काढायला साखळी लागत नाही. आधी फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि पुढची सगळी कामं प्रतीवरच करा, मूळ फाइल उघडूच नका.

ही फाइल जुन्या बर्कली डीबी या डेटाबेस पद्धतीची असणार. कोअरच्या ३०व्या आवृत्तीपासून असं वॉलेट थेट उघडत नाही, आधी त्याचं नव्या पद्धतीत स्थलांतर करावं लागतं. नुसत्या किल्ल्या काढायच्या असतील तर त्याआधीची आवृत्ती बसवणं सोयीचं. सुरू झाल्यावर खाली उजवीकडच्या नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक करून जोडणी बंद करा. वॉलेटला पासवर्ड असेल तर कन्सोलमधून वॉलेटपासफ्रेज ही आज्ञा देऊन ६० सेकंदांसाठी ते उघडा आणि मग डम्पवॉलेट आज्ञा द्या. साध्या मजकुराची एक फाइल तयार होईल. तिच्यात प्रत्येक ओळीवर एक प्रायव्हेट की आणि पुढे तिचा पत्ता असतो. ही फाइल म्हणजे उघड्यावर ठेवलेली रोकड आहे. इंटरनेट तोडलेल्या यंत्रावरच ती बनवा आणि काम झालं की नष्ट करा.

पुष्कळ जण इथे एक चूक करतात. लक्षात असलेल्या एका पत्त्याचीच की उचलतात. पण बिटकॉइनमध्ये पैसे पाठवले की उरलेली मोड वॉलेट एका नव्याच पत्त्यावर परत घेतं, आणि तो पत्ता तुम्ही कधी पाहिलेलाही नसतो. दहा बिटकॉइनपैकी एक पाठवला असेल तर उरलेले नऊ त्या अनोळखी पत्त्यावर बसलेले असतात. म्हणून फाइलमधल्या सगळ्या किल्ल्या घ्या, निवडत बसू नका. त्याच कारणाने फाइल कधीची आहे हेही महत्त्वाचं. २०१६ मधल्या ०.१३ आवृत्तीच्या आधी कोअर १०० किल्ल्या आगाऊ बनवून ठेवायचं आणि त्या संपल्या की नव्या यादृच्छिक किल्ल्या बनवायचं. एखादा जुना बॅकअप त्यानंतरच्या बऱ्याच व्यवहारांआधीचा असेल, तर त्यात पुढच्या किल्ल्या नसतातच. सापडतील तेवढ्या सगळ्या फाइली तपासा, विशेषतः सगळ्यात अलीकडची.

५ ने सुरू होणारी की ५१ अक्षरांची असते, इंग्रजी के किंवा एलने सुरू होणारी ५२ अक्षरांची. इलेक्ट्रममध्ये नुसती की चिकटवली तर ती लेगसी पत्त्याची समजली जाते. की सेगविट पत्त्याची असेल तर तिच्याआधी इंग्रजी लहान अक्षरांत पी२डब्ल्यूपीकेएच आणि मग विसर्गासारखी दोन टिंबं लावावी लागतात. ३ ने सुरू होणाऱ्या पत्त्यासाठी पी२डब्ल्यूपीकेएच-पी२एसएच लिहून तशीच दोन टिंबं. हे न लावल्यामुळे शून्य पाहून घाबरलेल्यांची पत्रं नेहमी येतात.

प्रश्न : की ‘इम्पोर्ट’ करावी की ‘स्वीप’?

उत्तर : स्वीप. इम्पोर्ट केलं की नाणी जुन्याच पत्त्यावर राहतात. ती की पूर्वी कुठे कुठे कॉपी झाली असेल, तिथून कोणीही ती वापरू शकतो. शिवाय इम्पोर्ट केलेल्या वॉलेटला सीड नसतो, त्यामुळे कागदावरचे १२ शब्द त्या किल्ल्यांना लागू पडत नाहीत. सीडच्या वॉलेटमध्ये सुट्या किल्ल्या इलेक्ट्रम घेतच नाही, त्यांना वेगळी फाइल काढायला लावतं. स्वीपमध्ये खराखुरा व्यवहार होऊन नाणी नव्या सीडच्या पत्त्यावर येतात. वॉलेट मेन्यूत प्रायव्हेट कीजखाली हा पर्याय आहे.

त्याला फी लागते आणि ती रकमेवर नाही, बाइटांवर ठरते. जुन्या लेगसी पत्त्यावरची प्रत्येक जमा खर्च करायला सुमारे १४८ व्हीबाइट (फीसाठी मोजायचे बाइट) लागतात, नेटिव्ह सेगविटची असेल तर सुमारे ६८. समजा, जुन्या वॉलेटात ४० छोट्या जमा आहेत. ४० गुणिले १४८ म्हणजे ५,९२०, वर व्यवहाराच्या बाकी भागाचे सुमारे ४१, एकूण ५,९६१ व्हीबाइट. दर व्हीबाइटला १० सातोशी (बिटकॉइनचं सगळ्यात लहान एकक) धरले तर ५९,६१० सातोशी फी, दर २ असेल तर ११,९२२. घाई नसेल तर दर उतरेपर्यंत थांबा. १० चा दर असताना १,४८० सातोशींपेक्षा लहान लेगसी जमा हलवणं म्हणजे घाट्याचा सौदा. बारीकसारीक जमा मागे ठेवल्या तर काही बिघडत नाही.

नाणी १ ऑगस्ट २०१७ च्या आधीपासून तिथेच पडून असतील तर त्याच किल्ल्यांवर, त्या दिवशी बिटकॉइनमधून फुटून निघालेलं, बिटकॉइन कॅश हे नाणंही आहे. आधी बिटकॉइन नव्या सीडवर न्या, तो व्यवहार पक्का होऊ द्या आणि मगच रिकाम्या झालेल्या किल्ल्या इलेक्ट्रॉन कॅश या बिटकॉइन कॅशच्या वॉलेटमध्ये घाला. उलट क्रमाने कधीही करू नका. भरलेली की अनोळखी सॉफ्टवेअरच्या हातात द्यायची नसते.

प्रश्न : स्वीप १ सातोशीच्या दराने केलं, दोन दिवस झाले तरी व्यवहार अडकलेलाच आहे.

उत्तर : इथे नेहमीसारखी फी वाढवता येत नाही, कारण जुन्या पत्त्याची की तुमच्या नव्या वॉलेटात नाही. पण पैसे तुमच्याच पत्त्यावर येणार आहेत, म्हणून ‘चाइल्ड पेज फॉर पेरेंट’ चालतं, म्हणजे ते येणारे पैसे पुढे खर्च करणारा जास्त फीचा दुसरा व्यवहार जोडायचा, तो पहिल्यालाही ओढून नेतो. त्या व्यवहारावर राइट-क्लिक केलं की पर्याय दिसेल. हिशेब असा: मूळ व्यवहार १८९ व्हीबाइटचा, फी १८९ सातोशी. त्याला जोडलेला नवा ११० व्हीबाइटचा. दोन्ही मिळून २९९. सरासरी दर १० हवा असेल तर एकूण २,९९० सातोशी लागतील, म्हणजे नव्या व्यवहाराने २,८०१ भरायचे. काहीच करायचं नसेल तरी पैसे बुडत नाहीत. नोड असा व्यवहार साधारण १४ दिवस धरून ठेवतात आणि मग सोडून देतात.

प्रश्न : हार्डवेअर वॉलेटमधली (किल्ल्या ठेवायच्या वेगळ्या छोट्या उपकरणातली) शिल्लक फोनवर फक्त पाहायची आहे. त्याचे २४ शब्द फोनमध्ये टाकले तर चालेल?

उत्तर : टाकू नका. शब्द फोनमध्ये गेले की हार्डवेअर वॉलेट घेतल्याचा सगळा अर्थ संपला. त्याऐवजी हार्डवेअर वॉलेटमधून मास्टर पब्लिक की, म्हणजे सगळे पत्ते दाखवणारी पण खर्च करू न देणारी की, घ्या आणि फोनवर वॉच-ओन्ली वॉलेट बनवा. शिल्लक दिसते, नवे पत्ते मिळतात, खर्च मात्र करता येत नाही. ही की दुसऱ्या कुणाला देऊ नका, तिच्यावरून तुमचे सगळे व्यवहार उघडे पडतात. त्याहून मोठा धोका असा, की मास्टर पब्लिक की आणि त्याच खात्यातल्या एका पत्त्याची प्रायव्हेट की एकत्र आली, तर गणिताने त्या खात्याच्या सगळ्या किल्ल्या काढता येतात.

प्रश्न : एक्स्चेंजवरची शिल्लक इम्पोर्ट करता येते?

उत्तर : नाही, तिथल्या किल्ल्या एक्स्चेंजकडे असतात. तिथून ‘विथड्रॉ’ करावं लागतं. नेटवर्क बिटकॉइनचंच निवडा, पत्ता चिकटवल्यावर पहिली आणि शेवटची सहा अक्षरं वॉलेटमधल्या पत्त्याशी ताडून पाहा, कारण क्लिपबोर्डवरचा पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात. आधी छोटी रक्कम, ती आल्यावर बाकीची.

प्रश्न : मोनेरो या दुसऱ्या नाण्याचं जुनं वॉलेट फेदर या लाइट वॉलेटमध्ये २५ शब्दांवरून उघडलं. शिल्लक अर्धीच दिसते.

उत्तर : मोनेरोत पत्ता शोधून शिल्लक कळत नाही. वॉलेटला व्ह्यू की (फक्त जमा पाहू देणारी की) घेऊन प्रत्येक ब्लॉक चाळावा लागतो. कुठून चाळायचं ते ‘रिस्टोअर हाइट’, म्हणजे सुरुवातीच्या ब्लॉकचा क्रमांक, ठरवते. तुम्ही दिलेली हाइट पहिल्या जमेच्या नंतरची असेल तर आधीच्या जमा दिसणारच नाहीत. २ मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे दिवसाला ७२० आणि महिन्याला सुमारे २१,६०० ब्लॉक होतात. वॉलेट कधी उघडलं ते अंदाजे आठवत असेल तर त्याच्याही दोन महिने मागची हाइट देऊन पुन्हा चाळू द्या. शून्य दिलं तरी चालतं, फक्त वेळ फार लागतो. नवे १६ शब्दांचे सीड असतील तर ही अडचण येत नाही, त्यांच्या आतच जन्मतारीख असते.

चाळण्याचं काम तुमच्या यंत्रावर होत असेल तर दूरच्या नोडला तुमची शिल्लक कळत नाही. काही हलकी वॉलेट मात्र व्ह्यू की सर्व्हरला देऊन टाकतात. काम झटपट होतं, पण तुमची प्रत्येक जमा त्या सर्व्हरला दिसत राहते. आणि फक्त व्ह्यू की घालून उघडलेल्या वॉलेटात खर्च दिसत नाही, त्यामुळे तिथे आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. तो बरोबर यायला मूळ वॉलेटमधून की इमेजेस (कोणती जमा खर्च झाली ते ओळखायच्या खुणा) काढून त्यात घालाव्या लागतात.